रंगीत पडद्याचं पिनबॉल

रविवार, संध्याकाळ

दादाला मॉलमधल्या नव्या पिनबॉलच्या मशीनवर खेळायला नेलं. चुकलंच का माझं? साखरेनं त्याची नजर मंदावत चालली आहे. वाटलं, एवढा मोठा रंगीत पडदा, तो तरी दिसेल.

पडदा खरंच झगझगीत. त्यावर राक्षस आग ओकतो, किल्ले कोसळतात. लहानपणी आमच्या महाल भागातल्या गेम पार्लरमधल्या मशीनवर नुसते आकडे फिरायचे, पण दादा बॉल खाली पडू द्यायचा नाही.

आज पहिलाच बॉल सरळ खाली गेला. त्यानं बॉल वर उडवायचं बटण दाबलंच नाही.

"रंग दिसून राहिले वं," तो हळूच म्हणाला. "बॉल नाही दिसत."

मग मीच सांगू लागले, "डावीकडे, दादा... आता दाब!" पण माझं बोलणं होईपर्यंत बॉल गेलेला असायचा. कशाला हवेत इतके रंग?

खेळ संपल्यावर त्यानं काचेवरून एकदा हात फिरवला.

घरी वहिनीनं विचारलं, "खेळले का मंग?"

"लय झकास मशीन आहे," दादा म्हणाला. "बॉल एकदम साफ दिसून राहिला होता!"

वहिनीचा चेहरा केवढा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच का वं?"

मी हो म्हटलं.