मुलगी बुझी-बुझी आहे म्हणे

७ फेब्रु. ९९, रवि.
डोकं तापलंय. इंदूरचे येऊन मंजूला बघून गेले. पोहे-चहा धरून पंधरा मिनिटं. मुलाची आई जाता जाता फाटकाशी मला म्हणते, "आजी, लडकी जरा बुझी-बुझी लगती है." अहो, विझलेली कसली, नात माझी दोन रात्री जागली, कंप्युटरवर ताऱ्यांचे आकडे मांडत! तोंड उतरणारच. पोहे मात्र दोनदा घेतले बाईंनी.

८, सोम.
मंजूचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव अवि, एसटीडी बूथवरून इंदूरला फोन करून आले. "आई, शिवरात्रीला ते महाकालच्या दर्शनाला येणारच आहेत. येता येता मंजूला परत बघतील." येता येता! भाजी आहे का ती? आणि नेमकी त्याच रात्रीपासून तिला दक्षिणेतली मोठी दुर्बीण मिळालीय. तीन रात्री. किती अर्ज केले पोरीने! तर हा म्हणतो, तारे काय पळून चाललेत?

९, मंगळ.
लसूण सोलता सोलता मीही विचारलंच, नंतर नाही का गं बघता येणार? म्हणाली, दुर्बीण परत कधी मिळेल देव जाणे. बघायचाय तो तिचा तपकिरी बटू. तारा व्हायचा, पण वजन कमी पडलं, पेटलाच नाही. नुसता धुगधुगतो. उजेड तासातासाला कमी-जास्त. त्याच्या अंगावरच ढग असावेत, फिरता फिरता समोर येत असतील, असं हिला वाटतं. म्हणून शेजारच्या ताऱ्यांशी ताडून रात्ररात्र बघायचं. "एकदा मंद दिसला म्हणून मंदच आहे असं नाही म्हणायचं, आजी."
इतकी खूश झाले मी! मग त्या बाई आठवल्या. परत भडकले.

११, गुरु.
देवास गेटच्या स्टँडवरून मंजूला भोपाळच्या बसमध्ये बसवून आले. पुढे रेल्वे. दशम्या दिल्या, चटणी दिली, स्वेटर तेवढा राहिला. अविला विचारलंच नाही. घरी आल्यावर ओरडला, "आता त्यांना तोंड काय दाखवू?"
म्हटलं, माझं दाखव.

१३, शनि.
अवि बोलत नाही. नको बोलू. साबुदाणा भिजवलाय, उद्या शिवरात्र, ते येतील. बाई विचारतील, लडकी कहाँ है? सांगेन, बघायला गेलीय. पुढे मग जमलं तर जमलं, नाही तर...
संध्याकाळी अवि अंगणात मान वर करून उभा. मला बघून घुश्शातच म्हणाला, "तिकडे आभाळ साफ असेल ना, आई?"
आत्ता विचारतो! मला काय माहीत. मी पण तेच बघायला बाहेर आले होते.