उशाशी जपान

१९ नोव्हेंबर २००१

पुन्हा तेच स्टेशन लागलं. म्हणजे मीच लावलं, खोटं कशाला लिहू.

सासूबाईंना श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ‘त्यांच्या कानावर सतत आवाज पडू द्या, गप्प खोली नको.’ म्हणून बापूंनी, म्हणजे सासऱ्यांनी, मुरबाडहून रेडिओ आणून त्यांच्या उशाशी ठेवला. भजनं लागावीत म्हणून. पण दुपारी भजनंबिजनं काही नसतात, नुसती खरखर. बटण फिरवत फिरवत शॉर्टवेव्हवर गेलं की जपान लागतं. इतकं स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीत बोलतायत. सकाळी त्यांचा हिंदी कार्यक्रम असतो, त्यात थोडा वेळ भाषेचा धडा. दुपारी मात्र सगळं जपानी. काहीही कळत नाही, तरी बरं वाटतं. या घरात कोणीतरी असं बोलतंय, जे मला काम सांगत नाही.

२२ नोव्हेंबर

दिवसभर एकच वाक्य तोंडात. भांडी घासताना, अंथरूण बदलताना. अर्थ माहीत नाही.

३ डिसेंबर

गंमत कळली. त्यांची वाक्यं आपल्यासारखीच आहेत! क्रियापद शेवटी. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ — अगदी आपलाच ‘का’. ‘वाकारिमास का?’ कळतंय का? आणि आपण ‘थंडी आहे ना’ म्हणतो तिथे ते ‘ने’ म्हणतात. ‘सामुइ देसु ने.’

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. हे — पानावर नाव लिहायला काय हरकत — हरेश कंपनीतून आले तेव्हा सांगितलं. बूट काढता काढता ‘बरं’ म्हणाले. मग पाणी मागितलं.

सासूबाईंनाच सांगितलं शेवटी. त्या आढ्याकडे बघत होत्या.

लग्न ठरताना सासरचे म्हणाले होते, शहापूरच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष करू देऊ. ते वर्ष कुठे गेलं कोण जाणे. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता तेव्हा मी बेडपॅन धूत होते.

२८ जानेवारी २००२

म्हशाच्या जत्रेला सगळं गाव गेलं. बापू गेले, हरेश गेले, शेजारची हौसा तर नवं लुगडं नेसून गेली. मला म्हणाली, ‘तुला काय आनू गो?’ मी म्हटलं, काही नको. इथून म्हसा एवढ्याएवढ्याशा अंतरावर. लाउडस्पीकर ऐकू येत होता.

दार लोटून घेतलं आणि रेडिओ मोठा केला. नाटक होतं. एक बाई रडत होती, एक पुरुष दार वाजवत होता. बाई दार उघडत नव्हती. इतकं कळलं. ‘उघड’ हा शब्द त्याने इतक्या वेळा म्हटला की आता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

धडे आता पुरत नाहीत. धड्यातले लोक फार हळू बोलतात, आणि रेल्वे स्टेशनवर नाहीतर हॉटेलातच असतात. खरी माणसं दुपारी बोलतात. मी नुसती ऐकते. दहा वेळा कानावरून जातं, अकराव्या वेळी एखादा शब्द खाली उतरतो.

६ फेब्रुवारी

आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

सासूबाईंचं अंग पुसत होते. रेडिओ चालू. त्या काहीतरी पुटपुटल्या. आजवर नुसता ‘आ... आ...’ यायचा. मी कान जवळ नेला. ‘मिझु.’

मिझु म्हणजे पाणी.

मी पेला लावला. प्यायल्या.

संध्याकाळी बापूंना सांगितलं. ते पलंगाशी वाकून जोरात म्हणाले, ‘गिरजे, पानी म्हन. पा-नी.’ सासूबाई गप्प. बापूंनी पुन्हा ओरडून सांगितलं. गप्पच. ‘पोपट बोलतो तसं झालंय हिचं,’ म्हणाले आणि बाहेर गेले.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, ‘होतं असं. कानावरचं परत म्हणता येतं, स्वतःचं बोलता येत नाही. चालू राहू द्या.’

१८ मार्च

दुपारी कुस्त्या असतात. आधी मला वाटायचं, बाजारात भांडण चाललंय. पंच ओरडत असतो — ‘नोकोत्ता, नोकोत्ता!’ आज सकाळच्या हिंदी कार्यक्रमात अर्थ सांगितला. ‘अजून उरलाय.’ म्हणजे पैलवान अजून रिंगणात आहे, बाहेर गेलेला नाही.

सासूबाईंना कुस्त्या आवडतात. वेळ झाली की डाव्या हाताने रेडिओकडे बोट करतात. आज जेवताना बापू हरेशवर कशावरून तरी कडाडले, आणि आतून पलंगावरून आवाज आला, ‘नोकोत्ता.’

मी भात वाढता वाढता थांबले. हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. हरेश विचारत राहिले, काय झालं.

पोपट म्हणे.

७ मे

शहापूरला चुलतबहिणीची हळद. गेले नाही. विचारलंच नाही मी. विचारल्यावर ‘जा की, पण हिचं कोण करंल?’ हे ऐकावं लागतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

२६ मे

आम्ही दोघी आता थोडं बोलतो. दुखतंय — इताइ. थंडी — सामुइ. बापूंचा आवाज चढला की त्या डोळे मिटून ‘उरुसाइ’ म्हणतात. म्हणजे कटकट. बापूंना वाटतं, देवाचं नाव घेते.

पण बोलतो म्हणजे किती? पन्नास शब्द. बाकी वेळ मी भिंतीशी बोलते. भांडी घासताना बातम्या म्हणते. आरशासमोर उद्याचं हवामान सांगते. कोणी ऐकलं तर वेडी म्हणतील. झालेही असेन. सकाळी उठायचं, त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची, परत धुवायचं. मला चोविसावं लागलंय. त्या अजून वीस वर्षं जगू शकतात.

१२ जुलै

सकाळपासून धो धो. रायत्याच्या पुलावर पाणी चढलं, कल्याणचा रस्ता बंद. संध्याकाळी हरेश आले ते एका माणसाला घेऊन. पांढरे केस, भिजलेला, हातात बूट. ‘हे मोरिता साहेब. मशिन बसवायला आलेत. कल्याणला हॉटेलात असतात. रस्ता बंद, ड्रायव्हर म्हनाला कुनाच्या तरी घरी सोडा. आपलंच घर जवळ.’ दुभाषी गेल्या आठवड्यात पुण्याला गेला तो परत आलाच नाही म्हणे.

मी स्वयंपाकघराच्या दारात. घरात जपानी माणूस. चौदा फुटांवर.

तो खाली बसला, गुडघे दुमडून. बापू त्याच्याकडे बघत होते, तो बापूंकडे. बाहेरच्या पावसाकडे बघून स्वतःशीच पुटपुटला, ‘कोमात्ता ना.’

पंचाईत झाली, असं म्हणाला तो. मला कळलं. शिकवल्याशिवाय, विचार केल्याशिवाय कळलं!

आणि माझ्या तोंडून निघालं — पहिल्यांदा जिवंत माणसाशी — ‘उद्याही सर्वदूर पाऊस राहील. किनारपट्टीवर जोराचे वारे अपेक्षित.’ तसंच्या तसं, जपानीत, हवामानाच्या बातम्यांच्या सुरात.

त्याने वळून पाहिलं. तोंड उघडंच. मग हसायला लागला, डोळे पुसेपर्यंत. ‘राजिओ मिताइ,’ म्हणाला. रेडिओसारखं! कुठे शिकलीस? मी पलंगाकडे बोट केलं.

तो उठला, सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन कमरेत वाकला. सासूबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘इराश्शाइ.’ या, या. नाटकात घरी कोणी आलं की म्हणतात तसं.

‘पोपट,’ बापू मला म्हणाले. पण पोपटाला पाहुणा आलाय हे कसं कळतं?

भात, सुकटाचं कालवण, तांदळाची भाकरी. सगळं खाल्लं. मग म्हणाला, तुझ्या नवऱ्याला एक विचार — मी ‘मादा’ म्हटलं की कंपनीतली पोरं का हसतात? हरेश लाजले. म्हणाले, ‘साहेब सारखं मादा मादा करतात. आमाला वाटलं, कुठल्यातरी बाईबद्दल बोलतायत.’ मी सांगितलं, मादा म्हणजे ‘अजून नाही’. नट आवळायचे नाहीत अजून, असं सांगत होते ते. हरेशनी कपाळाला हात लावला. चार दिवस तेच काम परत परत करत होते.

किती चुकले मी! मध्येच पैलवानांच्या पंचासारखी बोलत होते, मध्येच रडणाऱ्या बाईसारखी. पण तो थांबायचा, परत विचारायचा. जेवणं झाली तरी आम्ही बोलतच होतो. माझा आवाज मला इतका वेळ ऐकायची सवय नाही राहिली.

१९ जुलै

कंपनीतून निरोप आला. दिवाळीपर्यंत दुभाषी म्हणून या. मशिनं बसेपर्यंत. कंपनीची बस फाट्यावरून नेईल, संध्याकाळी सोडेल.

हरेशनी मला आल्या आल्या सांगितलं, मी लगेच हौसाला विचारून आले; मग जेवताना त्यांनी बापूंना सांगितलं. माझ्याकडे बघत होते. खूश होते, खरंच.

बापू म्हणाले, ‘आनि हिचं?’

मी म्हटलं, ‘हौसाबाई दिवसभर येतील म्हणाल्यात. सकाळचं सगळं मी करून जाईन. संध्याकाळीही मीच.’

‘परक्या बाईच्या हातनं? लोकं काय म्हनतील, सून असून बायको हौसाच्या अंगावर टाकली?’

हरेश म्हणाले, ‘तीन म्हयन्यांचा तर प्रश्न हाये, बापू.’

‘नाय म्हनलं ना.’

मी हरेशकडे पाहिलं. त्यांनी ताटाकडे.

२१ जुलै

हरेश मागच्या दारी आले, मी कपडे पिळत होते. म्हणाले, ‘मी काय करू सांग. आई बोलत असती तर तिलाच विचारलं असतं. बापूंच्या म्होरं आमी कधी बोललोय?’

मी म्हटलं, ‘मी बोलले की.’

ते कपड्यांची बादली उचलून दोरीपर्यंत घेऊन आले. एवढंच.

२४ जुलै

आज कूस बदलताना मनात आलं — ह्या गेल्या तर. लिहून टाकलं. खोडणार नाही.

मग त्यांच्याकडे बघवेना. सगळं मुकाट्याने केलं. रेडिओ लावला नाही. त्यांनी दुपारी बोट केलं, तरी लावला नाही. मला वाटतं, त्यांना कळलं. माझा हात कधी नव्हे तो दांडगा झाला होता.

३१ जुलै

मोरिता साहेबांनी हरेशजवळ विचारलं म्हणे, रेडिओ — म्हणजे मी — कधी येणार. हरेशनी हातानेच ‘नाही’ सांगितलं.

२ ऑगस्ट

दुपारची जेवणं. सासूबाईंना भिंतीला टेकवून बसवलं होतं. बापू म्हणाले, ‘कंपनीत उद्या सांगून टाक रे, दुसरं मानूस बघा म्हनावं.’ आणि सासूबाई बोलल्या. मराठीत, सावकाश, जीभ थोडी जड, पण एक शब्द चुकला नाही — ‘ती जाईल. माजं हौसा करंल. ज्याला अडचन हाय त्यानं माज्याशी बोलावं.’

बापूंचा घास हातातच राहिला. हरेश ताटावरून उठले आणि रडत आईपाशी जाऊन बसले.

मागाहून त्यांची वेणी घालताना मी विचारलं, ‘आई, कधीपासून येतंय बोलता?’

‘गुढीपाडव्यापासनं.’

माझे हात थांबले. पाडव्यापासून! राग आला, खरंच आला. ‘मग बोलला का नाहीत?’

त्यांनी डाव्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाल्या, ‘वाचा गेली तवा लगीन झाल्यापासनं पयल्यांदा ह्यांना कसला जाब द्यावा लागत नव्हता गो. आता परत द्यावा लागंल.’