ओटो यंदा कुणाच्या भिंतीवर?

ऑशकॉश, विस्कॉन्सिन
थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार

तीर्थरूप एमेटदाजी यांच्या चरणी धाकटा मेव्हणा नॉर्बर्ट याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा गुडघा सध्या टेकत नाही, सातांवर भागवून घ्यावे.) आम्ही सर्व इकडे सुखरूप आहोत. तुमची खुशाली कळवत जा, असे पुढे लिहिण्याची रीत आहे. पण तुम्ही ती कळवत नाही हेही आता रीतीतच जमा झाले आहे. बेव्हने फोन केला की तुम्ही "सगळं ठीक, बर्फ पडतोय" एवढे म्हणून ठेवून देता. बापाने चार शब्दांत प्रकृती आणि हवामान दोन्ही उरकावीत याचे त्या पोरीला वाईट वाटते. मला मात्र तुमच्यातल्या सूत्रकाराचा हेवा वाटतो. जन्मभर कॉलेजात पोरांना संस्कृत शिकवूनही मला थोडक्यात बोलणे जमले नाही, हे लिफाफ्याच्या जाडीवरून तुम्ही ताडले असेलच. पत्र अशासाठी की फोन ठेवून देता येतो. पत्र ठेवून दिले तरी ते टेबलावरून आपल्याकडे बघत राहते.

तर मुद्दा रविवारचा. आपल्या आठ जणांच्या घरगुती फुटबॉल लीगमध्ये सातवे स्थान कोणाचे आणि आठवे कोणाचे, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे, आणि तो सोडवण्याचा मान तुम्हाला व मला मिळाला आहे. वरच्या सहा जणांत माझी एक भाची, दोन पुतणे आणि मांजरीला विचारून खेळाडू निवडणारी एक चुलतबहीण आहे, हे लक्षात घेता आपण दोघांनी फार ताठ मानेने फिरू नये.

गुरुवारी टर्कीला तुम्ही आला नाहीत (सर्दी झाली असे ऐकले, दर सणाला होते). दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डार्लीनला घेऊन तळलेले मासे खायला क्लबात गेलो, तर आमचे नवे पाद्रीबाबा हॉलिस शेजारच्या खुर्चीवर. माणूस विद्वान, पण या खेळाच्या बाबतीत कोरी पाटी. मी त्यांना सांगितले, हंगामाच्या सुरुवातीला आम्ही देशभरच्या संघांतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घेतो, कागदावर आपापला संघ मांडतो, आणि रविवारी मैदानावर ते खेळाडू जे काही करतील त्याचे गुण आम्हाला मिळतात. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. पाद्रीबाबांनी काटा खाली ठेवला. "म्हणजे देवाने ज्यांना तंगड्या दिल्या ते धावणार, आणि तुम्ही कोचावर बसून घाम गाळणार?" मी म्हटले, होय. "मग हरल्यावर तुमचं काय जातं?" यावर मी पुरुषार्थाविषयी काही बोलणार तोच डार्लीन म्हणाली, "जात काही नाही हो, येतं. मासा येतो."

मग तिने ओटो माशाचा इतिहास सांगितला, आणि (मला ठाऊक आहे, तुमचा विश्वास बसणार नाही) तो मला पहिल्यांदाच नीट ऐकल्यासारखा वाटला. आमच्या वडिलांनी गळाला मस्की, म्हणजे तळ्यातला सर्वांत मोठा शिकारी मासा, लागला म्हणून किनाऱ्यावरून साऱ्या गावाला फोन केले, लोक कॅमेरे घेऊन धावले, आणि पाण्यातून निघाला तो चिखल चघळणारा, फुगल्या गालांचा कार्प. दुसरा कोणी असता तर त्याने तो परत सोडला असता. वडिलांनी त्यात पेंढा भरून घेतला, लाकडी पाटीवर बसवला, आणि "मला हाच हवा होता" असे मरेपर्यंत म्हणत राहिले. आमच्या कुळाची विजयाची व्याख्या तिथे ठरली. तेव्हापासून तळाच्या माणसाकडे वर्षभर ओटो. नुसता पाठवायचा नाही. सगळ्या घराण्याने त्याला टॉवेलात गुंडाळून, ट्रकच्या मागे घालून मिरवत न्यायचा, पराभूताच्या दिवाणखान्यात टांगायचा, पराभूताने टोपी काढून त्याच्यापुढे उभे राहायचे, आणि मग सर्वांनी आपापले डबे उघडून तिथेच जेवायचे. तळाचा माणूस तोच राहिला, तरी मिरवणूक दरवर्षी व्हायचीच. पाद्रीबाबा सगळे ऐकून म्हणाले, "हा तर जवळजवळ धर्मच झाला." डार्लीन म्हणाली, "धर्मात निदान डोळे मिटता येतात. तो काचेच्या डोळ्यांनी बघतो माझ्याकडे. नॉर्बर्ट, मासा आला तर तू आणि तो दोघं गॅरेजमध्ये."

तेव्हा माझ्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते आपण जाणताच. म्हणून यंदा मी दैवावर विसंबायचे नाही असे ठरवले. (आजवरचे माझे दोन्ही विजय काकतालीय न्यायाचे होते: कावळा बसला, ताडफळ पडले, आणि कावळा फळाकडे बघत म्हणाला, हे माझे डावपेच.) शत्रूला आपला बेत सांगू नये असे सगळे नीतिकार बजावतात, पण त्यांपैकी कोणाला सख्खे दाजी शत्रू म्हणून लाभले नव्हते. ऐका.

आक्रमण असे. माझा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि त्याचे चेंडू झेलणारा गडी, दोघे एकाच संघातले. याने फेकला की मला गुण, त्याने झेलला की पुन्हा मला गुण. एकाच लाडवाचे दोनदा जेवण. बचावाला मात्र डोके लागते. या खेळात तुमच्या माणसांना मी अडवू शकत नाही. ते कुठल्या तरी दूरच्या मैदानावर, मी आमच्या कोचावर. मग बचाव करायचा कसा? सोमवारी दाढी करताना मला सुचले (एका गालावर फेस तसाच राहिला, कॉलेजात दुपारपर्यंत कोणी बोलले नाही). तुमचा क्वार्टरबॅक ब्रॅनिगन. त्याचे चेंडू झेलतो टुली, आणि टुली कोणाच्याच संघात नाही, मोकळा आहे. मी टुलीला घेतले, की ब्रॅनिगनने त्याच्याकडे फेकलेल्या प्रत्येक चेंडूवर जेवढे तुमचे पोट भरेल तेवढेच माझेही! साम, दाम, दंड हे तिन्ही उपाय बाजूला ठेवून मी थेट भेदाला हात घातला. टुलीला जागा करायची तर कुणाला तरी सोडावे लागणार. मी पेनिमनला सोडले. होय, तोच पेनिमन, गेल्या रविवारी तिघांना अंगाखांद्यावर घेऊन धावला तो. मोठ्या राजकारणात अशा आहुती द्याव्या लागतात.

बटण दाबले आणि विजयी मुद्रेने बेव्हला फोन केला. तिच्याकडे लीगचा कारभार, तेव्हा तिने ऐकून घेणे कर्तव्यच होते. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, छान आहे. फक्त टुलीचा संघ या रविवारी खेळतच नाहीये. त्यांचा सुट्टीचा आठवडा आहे." मी म्हटले, असे कसे होईल? "मामा, दरवर्षी प्रत्येक संघाला एक रविवार मिळतो सुट्टीचा. वेळापत्रक बघायचं असतं." मी म्हटले, मी मूळ संहितेत गेलो, वेळापत्रक हे भाष्य. ती म्हणाली, "मूळ म्हणतंय की तुम्ही पेनिमन घालवून एक झोपलेला माणूस घेतलाय."

पण दाजी, बुडत्याला जशी काडी दिसते तशी मला त्याच क्षणी या गोष्टीची दुसरी बाजू दिसली. टुली झोपलेला, तर ब्रॅनिगनही झोपलेला! दोघे एकाच संघातले. मी तुमचा संघ उघडून पाहिला. अग्रभागी ब्रॅनिगन, सुट्टीवर. त्याच्या मागे तुमचा धावणारा गडी, पाय प्लास्टरात. तुमचा चेंडू लाथाडणारा तर गेल्या महिन्यातच नोकरीवरून निघाला आहे. हे सैन्य नव्हे, हा दवाखाना आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि डार्लीनसमोर शड्डू ठोकला (उजव्या मांडीवर, डावीकडे तो गुडघा आहे). तिने वळूनही पाहिले नाही. "झोपलेल्या म्हाताऱ्याला चीतपट केलंस होय? बँड बोलावू?"

तिच्या बोलण्याने मला शंका आली. ज्या माणसाने चाळीस वर्षे कागदगिरणीत यंत्राचा एकेक खिळा कानाने तपासला, तो ब्रॅनिगनची सुट्टी विसरेल? हा नक्कीच कूटव्यूह असणार. रविवारी सकाळी, ऐन वेळी, तुम्ही सगळी फौज बदलणार. मग मी हेरगिरीला उतरलो. तुमच्या तळ्याकाठच्या आमिषांच्या दुकानातल्या वांडाला फोन लावला, कारण तुम्ही रोज सकाळी तिच्याकडे कॉफी घेता. (तिला दोष देऊ नका, मी गळांची चौकशी करतो आहे असे भासवले होते. ते फार वेळ टिकले नाही.)

"एमेट? येतो की रोज. फुटबॉलचं? छे, अक्षर नाही. परवा मात्र माझ्याकडून मऊ ब्रश नि काच पुसायचं पाणी नेलं. म्हणे माशाचे डोळे धुरकटलेत. आणि ऐका, आमच्या चर्चने घडीच्या खुर्च्या विकायला काढल्या, तर पठ्ठ्याने डझनभर उचलल्या! मी म्हटलं, अरे बाबा, एकटा जीव तू, आज कुठल्या खुर्चीत बसू हे ठरवण्यातच हिवाळा जायचा तुझा. तर म्हणाला, लागतील. पुढच्या आठवड्यात मंडळी यायचीत."

खुर्च्यांचा आणि फुटबॉलचा संबंध काही मला लागेना. डार्लीनला हे सांगितले, तर ती मोरीकडे वळली आणि बराच वेळ पाठमोरी बशा घासत राहिली. (बशा स्वच्छ होत्या.) असो. एकूण निष्कर्ष असा की तुमचे सैन्य निद्रिस्त, माझे एक-दोन वगळता जागे, आणि रविवारी माझा विजय निश्चित. तेव्हा ओटोला आणखी एक वर्ष सांभाळण्याची मनाची तयारी ठेवावी. सर्दीसाठी गरम पाण्यात मध घ्यावा. कमी बोलण्याने घसा बरा होतो असे म्हणतात, पण तुमच्या बाबतीत तो उपाय करून झाला आहे.

आपला आज्ञाधारक (आणि भावी सातवा),
नॉर्बर्ट

ता. क. लिफाफा चिकटवला होता. डार्लीनने केटलीच्या वाफेवर धरून उघडला. म्हणाली, "एवढी पानं लिहिलीस आणि काय लिहायचं तेच राहिलं." दाजी, गेल्या वर्षी ओटो तुमच्याकडे आला ती संध्याकाळ मला आठवते. आमची लोरेनताई जाऊन सहा-सात महिने झाले होते. दारात बुटांचा ढीग, तिच्या ओव्हनमध्ये दाटीवाटीने चार कॅसरोलची भांडी, निम्मे लोक जिन्यावर बसून जेवत होते कारण खुर्च्या पुरेनात, आणि तुम्ही टोपी काढून माशापुढे उभे राहिलात ते इतके हसलात की बेव्हला रडू आले. त्यानंतर आम्ही कोणी तिकडे फिरकलो नाही. मासा तिथेच होता, नेण्यासारखे काही नव्हते. आता खुर्च्यांचा संबंध मलाही लागला. चांगला गडी बाकावर बसवून, मासा जाऊ नये म्हणून एखादा मुद्दाम हरतो, हे मी वाचलेल्या कुठल्याच शास्त्रात नाही. डार्लीन विचारते, "मासा नसला की त्या घराचा रस्ता बंद असतो का रे?" पुतण्यांना फोन केले.

दुसरा ता. क. रविवारी आम्ही सगळे सामना बघायला तुमच्याकडे येतो आहोत. कोण जिंकतो, कोण हरतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ओव्हन दुपारीच तापवून ठेवा. तेव्हा आता तुम्हाला हरण्याचे काही कारण उरले नाही. ब्रॅनिगनला काढा आणि तुमच्या बाकावर हंगामभर कुजत बसलेल्या लाव्हिनला घाला. तो पोरगा खेळतो आणि बरा खेळतो. आणि पेनिमन मोकळा पडला आहे. कुण्या मूर्खाने सोडला आहे. चुलतबहिणीची मांजर पोचण्याआधी उचला.

तिसरा ता. क. समजा, केवळ तर्कासाठी, मी हरलो, तर पुढच्या शनिवारी ओटोची मिरवणूक आमच्याकडे. आमच्या घरात खुर्च्या सहाच आहेत. तुमच्या लागतील, आणि त्या काही आपल्या पायांनी चालत यायच्या नाहीत. कोणाला तरी त्या ट्रकमधून आणाव्या लागतील. पाहुण्यांची खोली गरम करून ठेवतो.

शेवटचा ता. क. हे सगळे डार्लीनला वाचून दाखवले. म्हणाली, "म्हणजे आता ते तो लाव्हिन घालणार." मी म्हटले, "मग काय झाले? माझे डावपेच आहेतच." यावर ती उठली. हातोडी आणि खिळा घेऊन दिवाणखान्यात गेली आहे. ठोकण्याचा आवाज येतो आहे.