दोनशे बारा आणि एकोणीस

४ फेब्रुवारी

गेले कामातून! मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि एक हिरवी फाइल हातात दिली. संगणक विभागाचं मूल्यमापन यंदा मी करायचं. मी! भूगोल शिकवते, उपमुख्याध्यापिका आहे, आणि घरी टीव्हीचा आवाज वाढवायला लेकीला हाक मारते. पण बाकी सगळे शिक्षक त्या विभागाच्या उपकाराखाली आहेत म्हणे. मी अजून फळा आणि खडूवरच, म्हणून मी निःपक्षपाती. अडाणीपणाचा असा मान पहिल्यांदाच झाला.

विभागात माणसं दोनच. एक विभागप्रमुख — अठरा वर्षं शाळेत आहेत, सगळे त्यांना पाठीमागे 'निवांत' म्हणतात. दुसरी त्यांची सहायक, चार वर्षांपूर्वी आलेली. ती 'वादळ'. जुनी इमारत निवांतांच्या ताब्यात, नवी वादळाच्या.

घरी सांगितलं तर नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. लेक म्हणाली, आई, त्यांना तू मार्क देणार? मग तुझा अलार्म कोण बंद करणार?

५ फेब्रुवारी

फाइल शेवटपर्यंत वाचली. खरी गोम शेवटच्या पानावर. पुढच्या वर्षी विभागात एकच पद राहणार. ज्याचे गुण कमी, त्याची नोकरी जाणार. खाली संस्थेच्या अध्यक्षांची सही.

हे मुख्याध्यापक तोंडानं बोलले नाहीत. शहाणे आहेत. रात्री जेवण गेलं नाही नीट.

१० फेब्रुवारी

आजपासून अचानक पाहण्या. नियम असा, की न सांगता जायचं आणि दिसेल ते लिहायचं. न सांगता कसलं — माझ्या चपलांचा आवाज तीन वर्ग आधीच पोचतो.

निवांत खिडकीपाशी. हातात चहा. 'या मॅडम, बसा.' समोरच्या कपाटात सगळ्या वायरी गुंडाळून, चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या. माझ्या माहेरच्या मसाल्याच्या डब्यांनासुद्धा एवढी शिस्त नव्हती. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, काही नाही. मी 'काही नाही' असंच लिहिलं.

वादळ जिन्यातच भेटली. कानाला फोन, खिशात स्क्रूड्रायव्हर, काखेत कुणाचा तरी कीबोर्ड. मला 'सॉरी मॅडम' म्हणून दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. गोड पोरगी. पूर्ण गुण!

१३ फेब्रुवारी

निवांत. चहा.

१७ फेब्रुवारी

निवांत. चहा नाही! एक जाड पुठ्ठा कापत बसले होते. हस्तकलेचा तास असावा.

२० फेब्रुवारी

दहा पाहण्या झाल्या. आठ वेळा चहा, एकदा पुठ्ठा, एकदा खोलीला कुलूप. वादळ दहाही वेळा धावताना.

नव्या इमारतीतले शिक्षक तिच्यावर जीव टाकतात. गणिताच्या बाई म्हणाल्या, ती दोन दिवस आजारी होती तर आमचं पान हललं नाही. मग मी जुन्या इमारतीत विचारलं, निवांत सर जानेवारीत आठवडाभर रजेवर होते, तेव्हा काय झालं? तिथले इतिहासाचे सर विचारात पडले. म्हणाले, रजेवर होते का ते?

हे वाक्य मी जसंच्या तसं फॉर्मवर उतरवलं. फार खूश झाले स्वतःवर. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुला गुप्तहेर खात्यात घ्यायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी

आज तक्रारवही. प्रत्येक इमारतीच्या शिक्षककक्षात एकेक असते. काही बिघडलं की शिक्षक लिहितात, काम झालं की विभाग सही करतो. वर्षभराची बेरीज केली. नवी इमारत : दोनशे बारा तक्रारी, सगळ्या निवारल्या. जुनी इमारत : एकोणीस.

एकोणीस! वर्षात! माणूस पगार कसला घेतो? फॉर्ममध्ये 'निवारलेल्या तक्रारी' ह्या रकान्याला सगळ्यात जास्त गुण आहेत. म्हणजे निकाल लागलाच.

निवांतांचा स्वतःबद्दलचा फॉर्मही आला. 'आगामी उद्दिष्ट' ह्याच्यापुढे त्यांनी लिहिलंय — शाळेला माझी गरज कमीत कमी पडावी. मला इतकं हसू आलं! म्हटलं, सर, ते उद्दिष्ट तर तुम्ही गाठलंत.

२६ फेब्रुवारी

फॉर्म दिला. वादळ एक्क्याण्णव, निवांत अडतीस. हात धुऊन मोकळी झाले.

निवांतांचं वय बावन्न आहे. हे उगाच लिहिलं.

५ मार्च

आज काय झालं ते सगळं नीट लिहायला हवं.

आठवी-नववीची संगणकावरची परीक्षा. दोन्ही इमारतींत एकाच वेळी. सव्वादहाला वीज गेली. नवी इमारत क्षणात काळी! मुलांची उत्तरं अर्ध्यावर, गणिताच्या बाई रडकुंडीला, वादळ एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, घामानं निथळत. म्हटलं इथे ही स्थिती, तर तिकडे चहावाल्यांच्या राज्यात काय प्रलय असेल! पदर खोचून पळत जुन्या इमारतीत गेले.

तिथे शांतता. नववीची मुलं खाली मान घालून उत्तरं देत होती. संगणकांचे पडदे उजळलेले. इतिहासाचे सर बॅटरीच्या एका खोक्यापाशी उभे. त्या खोक्याला दोरीनं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं, त्यावर मोठ्या अक्षरात एक, दोन, तीन, चार. सर चौथ्या ओळीवर बोट ठेवून एक बटण दाबत होते. मला म्हणाले, चाळीस मिनिटं चालेल आता, काळजी करू नका.

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? तर म्हणाले, शिकवलं असं नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटली की निवांत सर मुद्दाम काहीतरी बंद पाडतात. कधी वीज, कधी नेट, कधी प्रोजेक्टर. आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहतात. आम्हीच कार्ड वाचून चालू करायचं. किती वर्षं? सरांना आठवेना. सात-आठ तरी.

मी प्रत्येक खोलीत गेले. प्रत्येक यंत्रावर कार्ड. बॅटऱ्यांवर तारखा, सगळ्या गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बदललेल्या.

मग वहीत तक्रार येणार कुठून? आणि मी मूर्खासारखी त्याचे गुण कापून बसले!

६ मार्च

वादळाला बोलावलं. तिचे डोळे सुजलेले. मी म्हटलं, सरांचं हे सगळं तू मला आधी का नाही सांगितलंस? ती बोलली तर तिचंच पद जाणार, हे तिला माहीत, मलाही माहीत. तरी बोलली —

"मॅडम, मी धावते कारण मला अजून सरांसारखं जमत नाही. ते म्हणतात, शिक्षकांना शिकव. पण शिकवायला वेळ लागतो, आणि मी जाऊन करून दिलं की सगळे खूश होतात. मला ते आवडतं."

मी तिला पाणी दिलं. स्वतःही प्यायले. मलाही ती धावलेलीच आवडली होती की.

९ मार्च

मुख्याध्यापकांकडे फॉर्म परत मागितला. त्यांनी कपाळाला हात लावला. फॉर्म अध्यक्षांकडे गेलाय. शिवाय सही केलेलं मूल्यमापन बदललं तर उद्या प्रत्येक जण बदलून मागेल. हवं तर पत्र लिहा, म्हणाले.

दोन पानी पत्र लिहिलं. लेकीनं टाइप करून दिलं आणि मध्ये एकदा म्हणाली, आई, तू चुकलीस हे तू चार वेळा लिहिलंयस. म्हटलं राहू दे.

१८ मार्च

अध्यक्षांनी भेटायला बोलावलं. माणूस वाईट नाही. पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले —

"फॉर्ममध्ये दोनशे बारा आहे, एकोणीस आहे. तुमच्या ह्या पत्रात आकडा कुठे आहे?"

जे बिघडलंच नाही त्याचा आकडा मी कुठून आणू? शनिवारांचं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे ते स्वतःच यंत्रं बंद पाडत होते?

निकाल तोच राहिला. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. एवढा राग मला वर्गातल्या कुठल्याही मुलाचा आला नाही कधी. आणि अध्यक्षांचा नव्हे, माझाच.

२७ मार्च

निवांतांकडे गेले. माफी मागितली. त्यांनी चहा पुढे केला. म्हणाले, तुम्ही जे पाहिलंत ते लिहिलंत, त्यात काय. वादळाला रोज दुपारी दोन तास शिकवताहेत. नव्या इमारतीत बरीच कार्डं लागलीसुद्धा.

मी दार लोटून हळूच म्हटलं, सर, एखादी गोष्ट तरी बिघडवून जा. एखादा पासवर्ड विसरा. आठ दिवसांत तुम्हाला गाडी पाठवून परत बोलावतील, मी लिहून देते. उपमुख्याध्यापिका असून हे मी बोलले! आणि मनापासून बोलले.

ते खूप हसले. "ते मला नाही जमायचं, मॅडम."

३१ मार्च

निवांत गेले. किल्ल्या, पासवर्डांची वही, कुठली वायर कुठे जाते त्याचा नकाशा — सगळं माझ्या टेबलावर, चिठ्ठ्या लावून. दुसरी नोकरी अजून नाही. म्हणाले, बघू.

तरी मला खात्री आहे. एवढा मोठा डोलारा, माणूस गेल्यावर कुठे ना कुठे घोडं पेंड खाणारच. मग बघते अध्यक्ष काय म्हणतात!

१६ एप्रिल

रोज सकाळी आधी जुन्या इमारतीत जाते. आज तरी काहीतरी बंद पडलं असेल, ह्या आशेनं. काही नाही. नव्या इमारतीच्या तक्रारीही निम्म्यावर आल्यात.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. "बघा, ते गेल्यावर काही अडलं का? तुमचं मूल्यमापन अगदी बरोबर होतं."