खारूचं ताट

प्रिय मास्तरीणबाई,

माझं पत्र बघून तुला आधी हसूच येईल. वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा मी तोंडी सांगतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! पण फोनवर बोलायला लागलो की तू रडतेस, मग मी तुझी समजूत काढत बसतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढलं, ओटा धुतला आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून लिहितोय. आपली पोर खारू शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंकडे आहे. तिथे चार घास खाल्ले असतील अशी आशा करायची, दुसरं काय.

एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू जीव टांगणीला लावून वाचणार नाहीस. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. रागवायचा प्रयत्न करून पाहिला, जमला नाही. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, सख्ख्या आत्यानेच पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरवलंय. मी त्याला म्हटलं, मटण घ्या आणि चालायला लागा. तसंच गेलं, मटण न घेता. जाऊ दे.

तूही अशीच होतीस की. याच दुकानाच्या वर आपण वाढलो आणि खारूएवढी असताना एक दिवस तू मटण खायचं सोडलंस. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांची पाठ वळली की तुझ्या ताटातले तुकडे मी गुपचूप माझ्या ताटात ओढायचो. माझं हे पोट सुटलंय ना, त्यातलं निम्मं तुझं आहे. तुझं वागणं मला तेव्हाही कळायचं नाही, पण तू उपाशी झोपलेली बघवायची नाही. तीच तू पुढे बालवर्गाची बाई झालीस आणि माझी लेक तुझ्याच वर्गात आली, याचं मला काय अप्रूप होतं!

तुझी शिकवायची पद्धत मला ठाऊक आहे. मांस खाणारे वाईट, असं तू पोरांना कधी सांगितलं नाहीस. जमिनीतून काय काय उगवतं आणि त्याने पोट कसं छान भरतं, एवढंच दाखवतेस. वर्गात घेवड्याचे वेल लावलेस तेव्हा तुला वाटलं, स्वतः वाढवलेल्या शेंगा पोरं आवडीने खातील. आणि हौसेने त्या वेलांना नावंही द्यायला लावलीस. मग काय व्हायचं? शेंगा शिजवून वाढल्यावर अख्खा वर्ग हाताची घडी घालून बसला. आम्ही ड्रायव्हरकाकांना खाणार नाही, आम्ही परीला खाणार नाही! तू फोनवर हे सांगत होतीस आणि मी इतका हसलो की हातातला सुरा खाली ठेवावा लागला. शेवटी तू त्यांना समजावलंस, की शेंग तोडली तरी वेल जगतो, त्याला पुन्हा शेंगा येतात. पोरांना पटलं आणि ताटं साफ झाली. दुसऱ्या कुठल्याही घरात गोष्ट तिथेच संपली असती.

त्याच संध्याकाळी खारू दुकानात आली. मी बकरीचा पाय साफ करत होतो. तिने विचारलं, बाबा, हिचा पाय तोडला की हिलापण दुसरा येतो ना? काय आशेने विचारलं ग तिने! मला सोडवायलाच आल्यासारखी. मी हो म्हणायचा अवकाश, उड्या मारत वर गेली असती. मी नाही म्हणालो. खोटं बोलता आलं असतं. पण तिची आई गेली तेव्हा, आई परत कधी येणार असं तिने विचारलं होतं, आणि तेव्हाही मी खरं तेच सांगितलं होतं. आमचं दोघांचं घर त्याच्यावरच उभं आहे. ते मला मोडवेना.

त्या दिवसापासून तिने मटण सोडलं, तिथवर मी म्हटलं, ठीक आहे, आत्यावर गेलीय. नवीन पातेलं आणलं, नवीन डाव आणला, तिचं सगळं वेगळं शिजवायला लागलो. तू सांगितलेले मटार, बटाटे, डाळीचं सूप, सगळं केलं. पण ते मी केलेलं असतं ना! माझ्या हाताला वास येतो म्हणते. साबण झाला, लिंबू झालं, दगडाने घासून बोटं सोलवटली. भरवायला बसलो की ती नाही म्हणत नाही ग. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटू नये म्हणून घास तोंडात घेते आणि तसाच गालात धरून बसते. डोळ्यांत पाणी येतं, पण गिळवत नाही. मग मीच हात पुढे करतो आणि तिला तो हातावर टाकायला सांगतो. तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जबरदस्ती अजिबात करू नका, जिथे खाते तिथे खाऊ द्या.

तू म्हणशील, दुकान सोड. विचार केला नाही असं समजू नकोस. गोदामात कामाचं विचारून आलो. तिथल्या साहेबाने माझ्या अधू गुडघ्याकडे पाहिलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. आणि खरं सांगू? मला या कामाची लाज वाटत नाही. अण्णांनी यावरच आपल्याला वाढवलं, तुझं मास्तरकीचं शिक्षणही यातूनच झालं. मी चुकतोय असं मला वाटत नाही आणि खारू चुकतेय असंही वाटत नाही. भांडायला समोर कुणीच नाही, त्यानेच जीव मेटाकुटीला आलाय.

गेल्या रविवारी तिला तुझ्याकडे सोडलं आणि न्यायला जरा लवकरच आलो. तुला ते कळलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. खारू भातात भाजी कालवून दोन्ही गाल फुगवून खात होती, खाता खाता तुला काहीतरी सांगत होती, आणि मग तिने ताट पुढे करून आणखी मागितलं. किती दिवसांनी मी माझ्या लेकीला भूक लागलेली पाहिली! आनंदच व्हायला हवा होता, झालाही. पण पाय आत वळेनात. कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथे रडून घेतलं आणि मग आत्ताच पोचल्यासारखी तुझी बेल वाजवली.

तर मास्तरीणबाई, पत्र एवढ्यासाठीच. खारूला तू ठेवून घे. जावईबापूंना विचार, ते नाही म्हणणार नाहीत. तिची बॅग मी भरून ठेवलीय. वर्गात जे शिकवतेस त्यातलं काहीही माझ्यासाठी बदलू नकोस, आणि बाबाने दुकान सोडलं असं तिला खोटंही सांगू नकोस. बाबा म्हणाला, तू आत्याकडे पोटभर जेव, एवढंच सांग. दुकान बंद असेल त्या दिवशी मी येत जाईन. तिने दारातूनच हात हलवला तरी चालेल. माझं एकच मागणं आहे. रोज तिचं जेवण झालं की मला फोनवर निरोप टाकत जा. काय खाल्लं, किती खाल्लं, काही नको. नुसतं ‘जेवली’ एवढंच लिही. ते वाचल्यावर मी माझं ताट वाढून घेईन.

तुझ्यावर रागवायला कधीच न जमलेला, तुझाच,
दादा