उजव्या गालावरचा तीळ

६ मार्च १८९६, पॅरिस

"माझी आठवण आली की आरशात बघ." मठाचं दार तिच्यामागे कायमचं लागण्याआधी क्लोतिल्द एवढंच म्हणाली होती. आम्ही जुळ्या. फरक फक्त तिळाचा – माझा डाव्या गालावर, तिचा उजव्या. आरशात तो पलीकडच्या गालावर जातो आणि ती समोर येते. इतकी वर्षं केस विंचरताना रोज भेटतेय तिला. बरं चाललंय आमचं.

आज व्हेर्देलँकडे बसले. या हिवाळ्यात ओळखीतल्या सगळ्याच बायकांनी त्याच्याकडून तांब्याच्या पत्र्यावर आपला चेहरा कोरून घेतलाय. हिऱ्याच्या टोकाची सुई, समोर बघत थेट पत्र्यावर रेघा.

"हनुवटी वर, मादाम. खाली घेतलीत की दोन होतात."

११ मार्च

"सुरकुत्या खोडता येतील ना?" मी विचारलं.

"इथं काही खोडता येत नाही. म्हणून आधीच कमी ओढतो."

गुणी माणूस.

१९ मार्च

पहिला छाप घेऊन तो स्वतः आला. गास्तोंनी चष्मा लावून पाहिला.

"सुरेख. पण ही माझी बायको नाही."

"पत्र्यावर सरळ काढलेलं कागदावर उलटं उतरतं," व्हेर्देलँ म्हणाला. "बायका खूश होतात, नवरे कुरकुरतात. बायकांना आरशातलाच चेहरा ठाऊक असतो."

"मग माझी मला सुलटी करून द्या."

दोघं हसले. माझं लक्ष नव्हतं. तीळ उजव्या गालावर. पिसांची टोपी घालून, फरची कॉलर लावून क्लोतिल्द बसली होती – आणि या वेळी कागदावर, कुठंही नेता येईल अशी.

२० मार्च

गास्तों दुसरं काढून घेऊ म्हणतात. नको म्हटलं.

२२ मार्च

मठात गेले. मध्ये जाळी, जाळीमागे काळं कापड. क्लोतिल्दचा नेहमीसारखा नुसता आवाज.

"तुमच्याकडे आरसा नसेलच," मी म्हटलं.

"खुळीच आहेस. इथं आरसा कुठला?" मग हळूच, "ओदील, मी आता कशी दिसते गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलंन. छान दिसतेस, असं काहीतरी पुटपुटले.

"पुरे. खोटं बोललीस की घसा खाकरतेस."

येताना गाडीत बराच वेळ हसू येत होतं.

२४ मार्च

मठाच्या मुख्य मदरना चित्र आणि सोबत पत्र पाठवलं. त्या नाहीच म्हणणार, तरी पाठवलं: 'सोबतचं चित्र माझ्या बहिणीला एकदा दाखवावं. टोपी खटकत असेल तर कात्रीनं कापून टाका. कॉलरही कापा. फक्त चेहरा ठेवा, तो तिचाच आहे. पाहून झालं की चुलीत घातलात तरी चालेल.'