एका बटणाचा डोंगा

१२ जानेवारी १९५८, रविवार

तरंगला! मोजून दीड मिनिट तरंगला. मग मी बसवलेल्या बॅटऱ्या एका बाजूला सरकल्या आणि डोंगा कुशीवर झोपला.

चूक माझी. डोंग्यात खोट नाही. उमाजीभाऊंनी सावरीच्या एका ओंडक्यातून तो कोरलाय, नुसत्या वाकसानं. दीड हात लांब, भिंत बोटाएवढी जाड, कुठे कमीजास्त नाही. मी चार रंगांत नकाशा काढून नेला होता. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, घडी करून टोपीत ठेवला आणि विचारलं, "याच्यात वजन किती बसवून राह्यले?" म्हटलं, मोटर, बॅटऱ्या, रेडिओ धरून चार शेर. "मंग चार शेराचा डोंगा करतो." झालं बोलणं. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात पाच वर्षं काढली, पण असा कारागीर पाहिला नाही. मिलला मासळी घेऊन येणाऱ्या माणसाकडून आम्ही आजवर फक्त मासळीच घेतली!

घरी ओला होऊन आलो. रंभानं दार उघडलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बोट बुडाली का तुमी?" बायको असावी तर अशी.

१५ जानेवारी

बॅटऱ्या चामड्याच्या पट्ट्यांनी आवळल्या. आता डोंगा उलटला तरी त्या हलणार नाहीत. उलटला नाही म्हणजे मिळवली.

१९ जानेवारी, रविवार

मिलच्या साहेबानं जुनं विलायती मासिक दिलंय. तिकडे बोटींसाठी नवे संच निघालेत. आत पोलादाच्या बारीक पट्ट्या, बाजाच्या पेटीत असतात तशा. हवेतून ज्या सुराची लहर येईल तेवढीच पट्टी थरथरते. एका सुराला बोट डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे, तिसऱ्याला मोटर बंद. कोणाच्या डोक्यात आलं असेल हे? ते पान तीनदा वाचलं. जेवतानाही वाचलं. रंभा म्हणाली, भाजी पानात आहे, मासिकात नाही.

तो संच बल्लारपुरात कुठून येणार. माझी निवड सोपी, कारण निवडायला एकच वस्तू — नागपूरच्या बाजारातून आणलेला लढाईचा भंगार माल. ब्रह्मदेशात हेच वायरलेस सेट पाठीवर वाहिले तेव्हा पोटभर शिव्या घातल्या. आता त्यातलाच एक काचेचा व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून ठेवतो.

तर माझा संच असा. हातातल्या खोक्यावर एक बटण. डोंग्यात रबराच्या पिळावर फिरणारी एक चकती. बटण दाबून धरलं की सुकाणू डावीकडे. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की उजवीकडे. सोडलं की सरळ. एवढंच. फक्त मागच्या खेपेला कोणती बाजू झाली ते डोक्यात ठेवायचं. माझ्या राहत नाही. स्वतः बनवलेलं यंत्र, आणि आज चार वेळा काठावर आपटलं.

परवान्याचा अर्ज नोव्हेंबरात केलाय. उत्तर नाही. तोवर मी हवेत लहरी सोडतो म्हणजे कायद्यानं चोर. हे वहीला सांगितलं, रंभाला नाही.

२६ जानेवारी, रविवार

मिलमध्ये झेंडावंदन झालं आणि सायकल काढून उमाजीभाऊंच्या गावी, पिपरटोल्याच्या तळ्यावर गेलो. उमाजीभाऊ बांधावर गेले होते. त्यांच्या पत्नी देवकाबाई अंगणात जाळं विणत बसलेल्या. माहेराहून आलेले उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले आणि मान वर न करता म्हणाल्या, "गुणवंतभाऊ, हा तुमचा डोंगा सूत ओढन का?"

मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती.

मार्चात पाणी उतरलं की मासेमार सोसायटीचं मोठं जाळं लागतं. जाळ्याचा दोर एका माणसानं पोहत पलीकडच्या काठाला न्यायचा. मोठा डोंगा घालत नाहीत, वल्ह्याच्या आवाजानं मासळी कमळात घुसते. दोर नेण्याचा मान उमाजीभाऊंच्या घराचा. आजा, बाप, मग हे. मागच्या साली अर्ध्या तळ्यात त्यांचा दम उखडला. केसाला धरून बाहेर काढलं. डॉक्टरांनी छाती तपासून बजावलं, पाण्यात उतरायचं नाही.

"तुम्ही सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"सांगून पाह्यलं. म्हंते, मान दुसऱ्याच्या घरी गेल्यावर जगून का करू? औंदा उतरले त वापस येत नाई, भाऊ. मले माहीत हाये."

रडल्या नाहीत. विणायची सुई थांबली नाही. डोंग्यानं बारीक सूत पलीकडे नेलं तर सुताला सुतळी, सुतळीला दोर बांधून ओढून घेता येईल, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी इंजिनिअरिंगची पुस्तकं चाळणारा माणूस, माझ्या डोक्यात खेळण्यापलीकडे काही आलं नव्हतं. लाज वाटली.

जाळ्याचा दिवस १६ मार्च.

२ फेब्रुवारी, रविवार

सत्यानाश! डोंगा आठवडाभर उमाजीभाऊंकडे ठेवला होता. आज बटण दाबतो तर काही नाही. पुन्हा दाबतो, काही नाही. व्हॉल्व्ह तापतोय, बॅटरी ठीक. झाकण काढून आत बोट फिरवलं तर सगळं चिकट, पिवळं. जवसाचं तेल!

देवकाबाईंनी पाजलं. इथे नवा डोंगा जवसाच्या तेलाशिवाय पाण्यात उतरवत नाहीत, आतूनबाहेरून चोळतात. "आतमंदी बी लाकूडच होय ना?" मी म्हटलं, "आत रेडिओ आहे, बाई!" तर म्हणाल्या, "मंग त्याले त जास्तच लागन. त्याले कुठी सवय हाये पाण्याची."

जवसाचं तेल सुकलं की काचेसारखं घट्ट होतं. सुकाणूला वीज देणारी दोन बारीक टोकं एकमेकांना टेकायला हवेत, त्यांच्या मधोमध ही साय बसलेली. मी बरंच बोललो. बोलायला नको होतं. उमाजीभाऊ टोपी काढून बसले, जणू त्यांनीच तेल ओतलं.

३ फेब्रुवारी

ब्लेडनं खरडून टोकं साफ केली. चालतंय. रंभा म्हणते, ओरडून आलात ना त्या बाईवर, आता जाऊन माफी मागा. मागीन.

९ फेब्रुवारी, रविवार

माफी मागायला गेलो आणि पायाच पडायची वेळ आली.

डोंगा वळताना माझ्याच हातून पालथा झाला. पाच मिनिटं पाण्याखाली. व्हॉल्व्ह वाचला हे नशीब, पण तारांच्या गुंडाळ्या ओल्या झाल्या म्हणजे महिनाभराचं काम गेलं, असं धरून चाललो. झाकण काढलं. पाणी ओतून दिलं. गुंडाळ्यांवरून थेंब घरंगळून गेले. उन्हात अर्धा तास ठेवून बटण दाबलं — टक्! सुकाणू वळलं.

जवसाच्या तेलानं तारा बंद करून टाकल्या होत्या. मिलच्या मोटरींना आम्ही वार्निश लावतो ते काय वेगळं असतं? त्या मासिकात पाणी आत जाऊ नये म्हणून पानभर उपाय दिलेत. त्यात हा नाही.

आता मी स्वतःच त्यांना सांगितलं, सगळीकडे लावा, फक्त या दोन टोकांना नको. त्यांनी टोकांवर पिठाची गोळी बसवली, बाकी सगळं चोळून काढलं, मग गोळी उपटली. "असं आधीच सांगतलं असतं त," एवढंच म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

बटण मी देवकाबाईंच्या हातात दिलं. खरं सांगायचं तर त्यांनीच मागितलं, कारण माझ्या हातात डोंगा तिसऱ्यांदा बांधावर चढला होता.

जाळ्याची एक ओळ विणत येतात ती येती, परत फिरतात ती जाती. एकाआड एक, आयुष्यभर. अंगठा बटणावर ठेवला आणि पुटपुटायला लागल्या, "येती... सरळ. जाती... सरळ." आणि डोंगा गेला! कमळाच्या पानांना वळसा घालून, खुंट चुकवून, दोनशे हातांवर पलीकडे उमाजीभाऊ उभे होते त्यांच्या पायांशी. मध्ये एकदा मला डावी-उजवीचा हिशेब लागेना, मी ओरडलो, आता कोणती? त्या शेजारणीशी बोलत होत्या. बोलता बोलता दाबलं. बरोबर दाबलं.

मी यंत्र केलं. ते चालवावं कसं हे मला आज कळलं.

एके ठिकाणी पाणी मोकळं दिसत होतं, तरी त्यांनी लांबून फेरा घातला. विचारलं तर म्हणाल्या, "खालतं देठं हायेत. सूत अडकन." पाण्याखालची देठं तुम्हाला कशी दिसली? "डोयाले नाई दिसत. पायाले माहीत हाये." बाई मजेच्या आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

सूत बांधून नेलं. पहिल्या खेपेला तुटलं, दुसऱ्या खेपेला गेलं. रबराचा पीळ दोनशे हातांना पुरतो, त्यापुढे नाही. खेपेगणिक नवा पीळ द्यायचा. मोटर भुंग्यासारखी वाजते, मासळी बुजेल का म्हणून मला धास्ती. उमाजीभाऊ म्हणाले, "भुंग्याले कोन मासा भेते?"

२ मार्च, रविवार

आज जाळ्याआधीची चाचणी, सगळं गाव काठावर. सोसायटीचे म्होरके नानाजी खाटेवर बसलेले, तोंड आंबट. बाईच्या हातून दोर जाणार हे त्यांना पटत नव्हतं, आणि रेडिओवर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही.

मी बॅटऱ्यांच्या पट्ट्या तिसऱ्यांदा तपासल्या. देवकाबाईंनी खोका मागून घेतला.

येती, सरळ, जाती, सरळ. सूत गेलं. उमाजीभाऊंनी पलीकडून सूत ओढलं, सुताला सुतळी आली, सुतळीला जाड दोर. सगळा दोर पलीकडे, आणि पाण्यावर एक मासा उडाला नाही! मग नानाजी खाटेवरून उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "दोर उमाजीच्या घरचाच गेला. हात कोणाचा होय, त्याच्याशी पान्याले का करायचं?"

मान राहिला. माणूस राहिला. उमाजीभाऊ फेरा घालून आले, डोंगा दोन्ही हातांत धरून. मग टोपीतून माझा चार रंगांचा नकाशा काढून मला परत दिला. म्हणाले, "पोरगं चांगलं झालं." इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. हे रंभाला सांगू नये.

१३ मार्च, गुरुवार

परवान्याचं उत्तर आलं. नामंजूर. पाठवणारं यंत्र पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत पोलीस ठाण्यात जमा करावं. खाली सही, शिक्का.

दोन दिवस म्हणजे शनिवार. जाळं रविवारी.

१४ मार्च

पाळी संपताच पिपरटोल्याला गेलो. म्हटलं, मी यंत्र सोमवारी जमा करतो. एक दिवसाची चोरी, इतके दिवस केलीच की.

उमाजीभाऊंनी पत्र हातात घेतलं. वाचता येत नाही, पण शिक्का किती वेळ पाहत होते. "तुमची नोकरी जाईन, भाऊ. माह्यासाठी नाई." मी हुज्जत घातली. ऐकेनात. "दोर मी नेतो. दोनशे हात त हाये." बोलताना दोनदा खोकले.

म्हटलं, मग सोसायटीतल्या लटारूला नेऊ द्या, तो जवान आहे. तर त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे की मी पत्र परत घेऊन खिशात घातलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. देवकाबाई जाळं विणत होत्या. येती, जाती. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचाही राग आला.

१५ मार्च

यंत्र जमा केलं. हवालदारानं बटण दाबून पाहिलं. म्हणाला, काही होत नाही. म्हटलं, डोंगा पिपरटोल्याला आहे.

रंभानं विचारलं, उद्या जाणार का? जाणार. कोणीतरी केसाला धरायला हवं. मला पोहता येत नाही, तरी जाणार.

१६ मार्च, रविवार

उमाजीभाऊंनी सदरा काढला, तेवढ्यात देवकाबाई पुढे झाल्या. लुगडं खोचलेलं, काखेत पालथी घागर, दोर कमरेला बांधलेला. नानाजी उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दोर माह्याच हातानं गेला, तुमीच बोलले. आज हातासंग मी बी जातो."

नानाजी परत खाटेवर बसले.

घागर छातीखाली, अंगाचा आवाज नाही. डोंग्यानं घातला होता तोच फेरा, त्याच देठांना चुकवून. उमाजीभाऊ काठाकाठानं पलीकडे गेले, डोंगा धरायला उभे राहायचे तिथेच उभे राहिले आणि हात देऊन त्यांना वर घेतलं.

शिंगाड्याच्या तळ्यावर, पालथ्या घागरीवर तरंगत शिंगाडे तोडत वाढलेली बाई. मी त्यांच्या घरचे शिंगाडे खाल्ले, त्यांना बटण दाबायला शिकवलं. पोहता येतं का, हे विचारलं नाही.